उभ्या गाडीची उतरलेली बॅटरी आणि आपला हिशोब

आपल्या व्यापारी वर्गात मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालेगावचा कापडवाला असो, भिवंडीचा लूममालक असो की रत्नागिरीचा आंबा व्यापारी असो, दाराशी गाडी असतेच. परंतु गाडी असणे ही एक गोष्ट आणि गाडी चालणे ही दुसरी. बाजारात उभी करायला जागा नाही म्हणून रोजचे काम स्कूटरवर उरकले जाते आणि मोटार महिन्यातून एक-दोनदा लग्न, मय्यत किंवा परगावच्या खरेदीसाठी बाहेर निघते. कोकणात खाडीपट्ट्यातील गावांत तर कर्ता माणूस आखातात आणि गाडी घराशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली, असे चित्र घरोघर दिसते. आंब्याचा पिकअप मार्चपासून जूनपर्यंत रात्रंदिवस धावतो व नंतर चार महिने जागचा हलत नाही. अशा गाडीला एक दिवस चावी लावली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, टकटक असा आवाज येतो आणि सेल्फ काही उचलत नाही.

यानंतर जे घडते त्याविषयी आम्हाला लिहायचे आहे. मालक घाईत असतो. तो फोन करतो. तासा-दोन तासांत एक मुलगा मोटारसायकलवर नवी बॅटरी घेऊन येतो, जुनी काढतो, नवी बसवतो, चार-पाच हजार रुपये घेतो आणि जुनी बॅटरी बरोबर घेऊन जातो. गाडी चालू होते, मालकही खूश. दोन-तीन महिन्यांनी तीच टकटक पुन्हा सुरू होते आणि मग मालक कंपनीला दोष देतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, कमी चालणाऱ्या गाडीची बॅटरी उतरणे हा खरेदीचा विषय नसून तपासणीचा विषय आहे. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. पहिली उपाशी असते, दुसरी संपलेली असते. हा फरक सांगणारा माणूस आपल्या बाजारात आहे, पण त्याला त्या कामाचे पैसे द्यायला आपण तयार नाही आणि म्हणून तोही ते काम सोडून बॅटऱ्या विकू लागला आहे. नुकसान दोघांचे होत आहे.

आधी बॅटरी उतरते का, ते पाहू. कारण बहुतेक मालकांना वाटते की उभी गाडी काही खात नाही. ती खाते. घड्याळ, रिमोटचे कुलूप, चोर-अलार्म, इंजिनाचा संगणक, टेपची आठवण ठेवणारी चिप, ही सगळी मंडळी चावी काढल्यावरही जागी असतात. आजच्या साध्या गाडीत मिळून ही ओढ २० ते ५० मिलिअँपिअर असते आणि ती योग्यच समजली जाते. आकडा नगण्य वाटतो. पण व्यापाऱ्याने हिशोब करावा. ३० मिलिअँपिअर धरले तरी २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे ३० दिवसांत २१.६ अँपिअर-तास होतात. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिनाभर उभ्या गाडीने अर्ध्याहून अधिक शिल्लक घरबसल्या संपवली. शिवाय बॅटरी आपली आपणही थोडी उतरत असते आणि उष्णता जितकी जास्त तितकी अधिक लवकर. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल, ते सांगायला नको.

आता त्यात गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा, मुलाने हौसेने बसवलेला अॅम्प्लिफायर यांची भर घाला. या बाहेरून जोडलेल्या वस्तूंनी आणखी ५० मिलिअँपिअर ओढले, तर तीच बॅटरी १८ दिवसांत संपूर्ण रिकामी होते. डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण नीट न बसल्यामुळे जळत राहिला, तर फक्त साडेतीन दिवस पुरतात. हे दिवे फार फसवे. झाकण बंद असताना तो जळतो की नाही, हे पाहणार कोण? एक सोपी युक्ती आहे. फोनचा कॅमेरा व्हिडिओवर चालू करून डिकीत ठेवावा, झाकण लावावे, मिनिटभराने उघडून पाहावे.

या उलट, सेल्फ मारण्यात बॅटरी फार खर्च होते असा जो समज आहे तो चुकीचा आहे. सेल्फ १५० अँपिअर ओढतो हे खरे, पण ओढतो किती वेळ? दोन सेकंद. त्याचा हिशोब ०.०८ अँपिअर-तासांच्या आसपास येतो. म्हणजे घड्याळ आणि कुलूप तीन तासांत जेवढे खातात तेवढेच. दुकानाचे दिवाळे मोठ्या एका खर्चाने क्वचित निघते, रोजच्या न दिसणाऱ्या खर्चाने निघते, हे आपल्या व्यापाऱ्यांना वेगळे शिकवायला नको.

याच हिशोबाने आणखी एक सवय तपासून पाहावी. अनेक घरांत दर शुक्रवारी किंवा रविवारी ड्रायव्हरला सांगून गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवतात. बॅटरी चार्ज होते, अशी समजूत. इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटरकडून बॅटरीला १० अँपिअर मिळाले असे उदार मनाने धरू. दहा मिनिटांत भर पडली पावणेदोन अँपिअर-तासांची देखील नाही. आठवड्याचा खर्च मात्र पाच. दर आठवड्याला तीन-साडेतीनची तूट. त्यावर एसी किंवा पंखा चालू असेल तर तेवढेही मिळत नाही. पेट्रोल जळते ते वेगळे आणि इंजिन नीट तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते ते आणखी वेगळे. गाडी चालवायचीच तर पंधरवड्यातून एकदा हमरस्त्यावर तासभर चालवावी. तेवढा वेळ नसेल तर जागेवर चालू करण्याचा उपचार बंद करावा. त्याने मालकाच्या मनाचे समाधान होते, बॅटरीचे होत नाही.

शिसे आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. तेव्हापासून आजवर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु तिचा स्वभाव तोच राहिला. तिला रिकामे राहणे सोसत नाही. बॅटरी उतरते तेव्हा आतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळून जातो. आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर तो थर कडक होतो आणि मग चार्जरला दाद देत नाही. म्हणजे उतरलेली बॅटरी दुसऱ्याच दिवशी चार्जिंगला लावली तर ती बहुधा वाचते, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटले की ती खरोखरच मरते. २०२० साली मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागली तेव्हा लाखो गाड्या दोन-दोन महिने एका जागी उभ्या राहिल्या. टाळेबंदी सैल होताच गल्लोगल्ली सेल्फ उचलेनात. त्यावेळी ज्यांनी सुरुवातीलाच बॅटरीची एक तार सोडवून ठेवली, त्यांचे पैसे वाचले.

ती एक तार म्हणजेच या रोगावरचा सर्वात स्वस्त इलाज. परगावी जाताना, उमऱ्याला किंवा हजच्या सफरीला निघताना, पावसाळ्यासाठी पिकअप बंद करताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची पकड १० नंबरच्या पान्याने सैल करून बाजूला ठेवावी. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना मात्र ती शेवटी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तार सोडली तर दोन-तीन महिने ती सहज टिकते. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, काही गाड्यांत टेप कोड मागेल, काचेचे बटण एकदा नव्याने शिकवावे लागेल. एवढाच त्रास. एक काळजी घ्यावी. बॉनेट आतून उघडते, त्यामुळे दाराची खरी चावी जवळ असू द्यावी. बॅटरी सुटल्यावर रिमोट काम करत नाही.

ज्यांच्या शेडमध्ये विजेचा प्लग आहे त्यांनी आपोआप बंद-चालू होणारा छोटा चार्जर घ्यावा. तो बॅटरी भरली की प्रवाह कमी करतो आणि केवळ गळतीपुरता देत राहतो. साधा जुना चार्जर असा दिवसचे दिवस लावून ठेवू नये. त्याने पाणी उकळून जाते.

आता तपासणीकडे येऊ, कारण खरा वाद तेथे आहे. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर प्रत्येक दुकानदाराच्या गल्ल्यात असावा असे आम्हाला वाटते. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. १२.६ किंवा त्याहून थोडे जास्त दाखवले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हा आकडा फक्त पोट भरले आहे की नाही, हे सांगतो. तब्येत सांगत नाही. तब्येतीसाठी बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून मग लोड टेस्टर लावावा लागतो किंवा सेल्फ मारताना व्होल्टेज कुठवर पडते ते पाहावे लागते. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरत असेल तर तिचे दिवस भरले. झाकणे उघडणारी जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही खणांची ग्रॅव्हिटी पाहावी. पाच खणांत १२५० आणि एकात ११५० आले, म्हणजे तो सेल गेला.

येथे अधोरेखित करण्यासारखी गोष्ट ही की, उपाशी बॅटरीला लोड टेस्टर लावला तर ती नापास होणारच. जे दुकानदार उतरलेली बॅटरी न चार्ज करता टेस्टर लावतात आणि ‘साहेब, गेली’ म्हणतात, ते तपासणी करत नसून विक्री करत असतात. वॉरंटीच्या दाव्यात कंपन्यांचे लोक काय करतात ते पाहा. ते आधी बॅटरी ठेवून घेतात, चार्ज करतात, मग तपासतात, आणि बिघाड न आढळल्यास तीच परत देतात. नवी देण्याची वेळ कंपनीवर आली की चार्जिंग आवश्यक ठरते. नवी घेण्याची वेळ गिऱ्हाईकावर आली की ते अनावश्यक कसे ठरते?

पण दोष एकट्या दुकानदाराचा नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ बॅटरीवाल्या उस्तादाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहावे. एक बॅटरी नीट चार्ज करायची तर तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने प्रवाह द्यावा लागतो. ३५ ची असेल तर साडेतीन अँपिअर, आणि त्याने दहा-बारा तास लागतात. इतका वेळ त्याची जागा अडते, त्याची वीज जाते, मधूनमधून हात लावून बॅटरी तापली का पाहावे लागते. गिऱ्हाईकाला रात्रीपुरती दुसरी बॅटरी द्यावी लागते, ती परत येताना काय अवस्थेत येते ते वेगळे. एवढे करून त्याने शे-दोनशे रुपये मागितले की आमचा व्यापारी बंधू म्हणतो, नुसती वायर तर लावली होती! तोच बंधू नव्या बॅटरीचे पाच हजार देताना भाव करत नाही, कारण हातात वस्तू दिसते. मग उस्तादाने काय करावे? नवी बॅटरी विकली तर दहा मिनिटांत काही शे रुपये सुटतात. जुनी वाचवली तर बारा तासांत शंभर आणि वर टोमणा.

गळती शोधण्याचे काम तर त्याहून कठीण. निगेटिव्ह तारेच्या मध्ये मीटर जोडायचा, दारे बंद करून गाडी ‘झोपण्याची’ वाट पाहायची. आजकालच्या गाड्यांना त्यासाठी २०-३० मिनिटे लागतात. मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा खाली पडला, त्या लाइनीत चोर. कधी तो टेपमध्ये सापडतो, कधी ट्रॅकरमध्ये, कधी उंदराने कुरतडलेल्या वायरीत आणि कधी अल्टरनेटरच्या डायोडमध्ये. या कामात एकही नवा सुटा भाग लागत नाही. लागते ती केवळ अक्कल आणि सबुरी. आणि या दोन वस्तूंचे बिल आपल्या बाजारात फाडता येत नाही! पण गळती न शोधता नवी बॅटरी बसवणे म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणे आहे.

म्हणून आमची कारागीर बांधवांना सूचना आहे की, दुकानात दरफलक लावावा आणि त्यावर तीन वेगळ्या ओळी असाव्यात. बॅटरी तपासणी, रात्रभर चार्जिंग आणि गळतीचा शोध. दर ज्याने त्याने आपल्या गावच्या चालीप्रमाणे ठरवावा. परंतु तो लिहिलेला असावा आणि चार्जिंगचा दर असा असावा की ते काम करताना पोटाला चिमटा बसणार नाही. तपासणीची चिठ्ठी लिहून द्यावी. तारीख, आल्यावर किती व्होल्ट, चार्जनंतर किती, सेल्फ मारताना किती, गळती किती मिलिअँपिअर. डॉक्टरच्या कागदाला माणूस मान देतो तो त्यावर आकडे असतात म्हणून. तोंडी ‘ठीक आहे’ला कोणी पैसे देत नाही. ज्या दुकानाने एकदा चिठ्ठी देऊन सांगितले की ‘तुमची बॅटरी चांगली आहे, नवी घेऊ नका’, त्या दुकानातून गिऱ्हाईक आपली इन्व्हर्टरची बॅटरी, भावाच्या ट्रकची बॅटरी आणि शेजाऱ्याचेही काम आणते. बाजारात नाव असेच होते.

हीच इमानदारी दुसऱ्या बाजूनेही पाळावी लागेल. जी बॅटरी चार-पाच वर्षांची झाली आहे, तीन-चार वेळा पूर्ण रिकामी होऊन पडली आहे आणि रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्या सकाळी १२.२ वर येते, तिला दर आठवड्याला चार्जिंगला लावून शंभर-शंभर रुपये काढत राहणे हेही बरोबर नाही. तेथे स्पष्ट सांगावे. आणि नवी विकताना तिच्यावरची तयार झाल्याची तारीख गिऱ्हाईकाला दाखवावी. दुकानाच्या मांडणीवर पडून राहिलेला मालही उतरत असतो. काही महिन्यांनी तो पुन्हा चार्ज करून घेणे दुकानदाराचे काम आहे. घेणाऱ्यानेही ती तारीख विचारावी, वॉरंटी कार्डावर शिक्का व खरेदीची तारीख टाकून घ्यावी आणि ज्या गाडीत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होते तिच्यात साध्या जातीची बॅटरी घालू नये. त्या गाडीसाठी वेगळी येते, महाग असते, पण तीच लागते.

अडीअडचणीला दुसऱ्या गाडीवरून करंट देऊन गाडी चालू करण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे आणि त्यात जे अपघात होतात ते अज्ञानाने होतात. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून हा खटाटोप. चार्जिंगच्या खोलीत बिडी-सिगारेट नको, खिडकी उघडी हवी, तेही याच कारणाने. आणखी एक महत्त्वाचे. बहुतेक मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. ट्रकवाला कितीही मदतीला तयार असला तरी त्याची तार १२ व्होल्टच्या मोटारीला लावू देऊ नये. एका झटक्यात इंजिनाचा संगणक जळतो आणि पाच हजारांच्या बॅटरीचे काम कित्येक पटींवर जाते.

काही जुने मिस्त्री अजून एक चाचणी करतात. गाडी चालू असताना बॅटरीची तार काढतात, इंजिन चालू राहिले तर ‘डायनामो चांगला’ म्हणतात. अँबॅसिडरच्या आणि जुन्या जीपच्या काळात ते खपून गेले. अँबॅसिडरचे उत्पादनही २०१४ साली बंद झाले. आजच्या गाडीत बॅटरी काढताच व्होल्टेज उसळी घेते आणि आतील इलेक्ट्रॉनिक भाग बळी पडतात. चालू गाडीत मीटर लावून १४ च्या आसपास आकडा आला की अल्टरनेटर चार्ज करतो आहे, हे समजते. तार काढण्याची गरजच नाही. धक्का मारून गाडी चालू करण्याबाबतही तेच. साध्या गिअरच्या गाडीत, दुसरा गिअर टाकून, एखाद्या वेळी चालेल. ऑटोमॅटिकमध्ये ते होत नाही. आणि धक्क्याने चालू झालेली गाडी म्हणजे बॅटरी बरी झाली असे नव्हे. ती त्याच दिवशी चार्जिंगला गेली पाहिजे. पूर्ण रिकामी बॅटरी भरण्याचा भार अल्टरनेटरवर टाकला तर तोही तापून बसतो.

विजेवरच्या गाडीत हा प्रश्न संपला असे ज्यांना वाटते त्यांनी विक्रेत्याला विचारून घ्यावे. मोठ्या बॅटरीबरोबर त्या गाड्यांतही दिवे, कुलूप आणि संगणकासाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही.

पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल दोन शब्द. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि बॅटरीच्या डोक्यावर ओलसर धूळ साचली तर तीही थोडा करंट वाहून नेते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो थर धुवावा, कोरडे पुसावे, पकड घट्ट बसवावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. पुष्कळदा ‘बॅटरी गेली’ असे ज्याला म्हणतात ती फक्त सैल पकड असते. झाकणाच्या बॅटरीत पाणी कमी झाले असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे, विहिरीचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी नको आणि आम्ल तर मुळीच नको.

राहता राहिला मालकाचा मोठा हिशोब. जी गाडी वर्षात पंधरा-वीस दिवस चालते, तिचा विमा, पीयूसी, टायर, बॅटरी आणि तिच्यात अडकलेले भांडवल एकत्र करून पाहावे. दुकानात एखादा माल वर्षभर पडून राहिला तर आपण तो तोट्यात काढतो. दारातील पडून राहिलेल्या मालाकडे मात्र प्रतिष्ठा म्हणून पाहतो. पंधरा-वीस दिवस भाड्याची गाडी करणे अनेकांना स्वस्त पडेल. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा आजारी माणूस आहे आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ येते, त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. त्यांनी गाडी ठेवावी, आणि त्यांच्याच गाडीची बॅटरी सर्वात आधी मीटरवर तपासलेली असावी. कारण रात्री दोन वाजता ना उस्ताद उठतो, ना फोनवरचा मुलगा येतो.

शेवटी जुनी बॅटरी. नवी घेताना जुनीचे जे पैसे वजा होतात ते दान नव्हे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते आणि शिशाला भाव आहे. म्हणून फेरीवाल्याला दोन पैसे जास्त मिळतात या लोभाने ती देऊ नये. अशा बॅटऱ्या कुठल्या तरी वस्तीच्या मागे फोडल्या जातात, आम्ल गटारात जाते, शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते आणि त्याचा धूर तेथील मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतो. त्या वस्त्यांत आपलेच कारागीर राहतात. जुन्या बॅटऱ्यांसाठी २००१ साली केंद्र सरकारने नियम केले आणि २०२२ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांनुसार जुनी बॅटरी गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण ती अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी आणि बिलावर जुन्या बॅटरीची वजावट वेगळी लिहून घ्यावी. दुकानदारानेही तिची नोंद वहीत ठेवावी, कारण ती पुढे कोणाला दिली, हे त्याला कधी ना कधी विचारले जाऊ शकते.